फुलांची बाग आखताय? मग फुलं सगळ्यात शेवटी निवडा

घरी फुलांची बाग करायची ठरली की बहुतेक लोक आधी नर्सरीत जातात, तिथे जे फुललेलं दिसेल त्यातलं आवडेल ते एकेक उचलतात, पाच रंगांचे पाच पेटुनिया, एक गुलाब, एक डेलिया, शेवटी एक अनोळखी पण भारी दिसणारं काहीतरी, आणि घरी आणून जिथे रिकामी जागा दिसेल तिथे लावून टाकतात. दोन-तीन आठवडे झकास दिसतं. मग हळूहळू सगळं विरून जातं आणि लोक म्हणतात आमच्या हाताला गुण नाही बाबा. हाताचा काही दोष नसतो हो. नर्सरीतलं रोप विकायला ठेवतात तेच मुळी भर बहरात असताना, त्याला तिथे मोजून सावली, मोजून पाणी आणि भरपूर खत मिळालेलं असतं. तुम्ही ते बघता तेव्हा ते त्याच्या सगळ्यात सुंदर दिवसात असतं, तुमच्याकडे मात्र ते पुढचे सगळे दिवस काढणार असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की क्रम उलटा करा. आधी ऊन, मग माती आणि पाणी, मग वाफ्यांची रचना, मग पानं आणि सगळ्यात शेवटी फुलं. ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण ज्या बागा वर्षभर बघाव्याशा वाटतात त्या जवळपास सगळ्या अशाच क्रमाने झालेल्या असतात, मालकाला ते माहीत असो वा नसो.

ऊन म्हणजे "आमच्याकडे भरपूर ऊन येतं" एवढ्यावर भागत नाही. मोजायला लागतं, आणि ते सोपंय. एखाद्या मोकळ्या दिवशी एकाच जागी उभं राहून सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर दोन तासांनी मोबाईलवर एक फोटो काढा, रात्री सगळे फोटो ओळीने बघा. कुठल्या कोपऱ्यात किती तास थेट ऊन पडलं ते लगेच कळतं. दिवसाला सहा तास किंवा जास्त थेट ऊन म्हणजे पूर्ण उन्हाची जागा, तीन ते सहा तास म्हणजे अर्धी सावली, त्याखाली सावलीच. गुलाब, झेंडू, झिनिया, कॉसमॉस, जास्वंद ही पूर्ण उन्हाची मंडळी. बेगोनिया, इम्पेशन्स, हायड्रेंजिया यांना अर्धी सावली चालते, कडक दुपारच्या जागी तर तीच बरी. आणि चार तास म्हणजे सगळीकडे सारखेच चार तास नव्हेत. सकाळच्या उन्हात हवा अजून गार असते, दुपारनंतरच्या पश्चिमेच्या उन्हात हवा, जमीन, भिंत सगळंच तापलेलं असतं, त्यामुळे त्याच चार तासांत नाजूक पाकळ्या करपतात. हेच फोटो तीन-चार महिन्यांनी परत काढा, कारण सूर्याची वाट ऋतूप्रमाणे सरकते आणि आज उन्हात असलेला वाफा तेव्हा कंपाउंडच्या सावलीत गेलेला असू शकतो.

आता झाडाला उन्हाचं एवढं काय पडलंय, तर फूल ही झाडासाठी चैन आहे. पानं अन्न तयार करतात, फुलं फक्त खर्च करतात. ऊन कमी पडलं की झाड आधी स्वतःचा जीव सांभाळतं, उजेडाच्या दिशेने लांब लांब वाढत जातं, दोन पानांमधलं अंतर वाढतं, कळ्या कमी होतात. अशा झाडाला लोक खत घालतात आणि ते अजूनच लांबतं. उन्हाची कमतरता खताने भरून निघत नाही.

अंधाराचाही हिशोब असतो, हे फार जणांना माहीत नसतं. १९२० मध्ये गार्नर आणि अलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की काही झाडं दिवसाची लांबी ओळखून फुलतात. पुढे लक्षात आलं की झाड खरं तर सलग अंधाराचे तास मोजतं. शेवंती आणि पॉइन्सेटिया ही यातली नेहमीची उदाहरणं, यांना कळ्या धरायला लांब, न तुटलेली रात्र लागते. त्यामुळे तुमची शेवंती रस्त्याच्या दिव्याखाली किंवा रात्रभर जळणाऱ्या गेटच्या बल्बजवळ असेल आणि नुसतीच हिरवीगार वाढत असेल, तर औषध-बिषध काही मारू नका, कुंडी उचलून अंधाऱ्या बाजूला ठेवा.

मातीबद्दल लोक फार घाबरवून सोडतात. दोन साध्या परीक्षा पुरेशा आहेत. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घ्या, वर पाणी भरा, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, मधला गाळ दोन-तीन तासांत बसतो आणि चिकणमाती बसायला एक दिवस किंवा त्याहूनही जास्त लागतो. थर बघून तुमची माती कशाकडे झुकतेय ते डोळ्यांनी दिसतं. दुसरी परीक्षा निचऱ्याची. साधारण ३० सेंमी खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, ते जिरू द्या, परत भरा आणि आता तासाला पाणी किती खाली जातं ते पट्टीने मोजा. तीन ते सात सेंमी जात असेल तर उत्तम. त्याहून बरंच कमी असेल तर तिथे मुळं गुदमरणार, मग वाफा जमिनीपासून वीत-दीड वीत उंच करा. पाणी बघता बघता गायब होत असेल तर कंपोस्ट किंवा चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. गंमत म्हणजे चिकट माती असो नाहीतर वाळू, दोन्हीला औषध हेच, चिकट माती त्याने मोकळी होते आणि वाळूत ओल टिकते.

कुंडीत लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती पिढ्यानपिढ्या उलटी सांगितली जाते. तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा चांगला होतो, असं म्हणतात ना, तसं होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहज उतरतच नाही, माती ते धरून ठेवते, आणि पूर्ण भिजल्यावरच खाली सोडते. प्रत्येक कुंडीत तळाशी थोडा चिंब ओला पट्टा असतोच, खडी घातली की तो पट्टा तेवढा वर सरकतो, म्हणजे मुळांच्या अजून जवळ येतो आणि मातीची जागाही कमी होते. भोकावर एक खापरीचा तुकडा किंवा जाळी ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून, बाकी सगळी कुंडी चांगल्या भुसभुशीत मिश्रणाने भरा. झालं.

हायड्रेंजियाचा रंगही मातीवरच ठरतो. आम्लधर्मी मातीत, म्हणजे पीएच साडेपाचच्या खाली असला की त्याला ॲल्युमिनियम शोषता येतं आणि फुलं निळी येतात, पीएच वर गेला की तेच झाड गुलाबी फुलतं. पांढऱ्या जाती मात्र पांढऱ्याच राहतात. निळं म्हणून आणलं आणि गुलाबी निघालं, याचं भांडण मातीशी करा, नर्सरीवाल्याशी नको.

आता रचना. इथे पहिला प्रश्न "काय लावू" हा नाहीये, "मी कुठून बघणार" हा आहे. दिवसातला जास्त वेळ तुम्ही बागेत नसताच, तुम्ही खिडकीत असता, गॅलरीतल्या खुर्चीत असता, गेटमधून आत येत असता. या दोन-तीन जागांवर जाऊन बसा आणि नजर कुठे जाते ते बघा. जिथे नजर आपोआप जाऊन थांबते तिथे काहीतरी थांबण्यासारखं हवं, एक मोठी कुंडी, एखादं देखणं झुडूप, वेलाची कमान, काहीही, पण एकच. चार दिशांना चार आकर्षणं ठेवली की नजर भिरभिरत राहते आणि बाग असते त्याहून छोटी वाटते.

बहुतेक घरांमध्ये फुलझाडं भिंतीला चिकटून एका हातभर रुंद पट्टीत लावलेली असतात आणि मधे सगळं मोकळं. त्या पट्टीत मागे-पुढे असं काही करायला जागाच उरत नाही, सगळी झाडं शाळेतल्या मुलांसारखी एका रांगेत उभी. त्यापेक्षा कमी जागा घ्या पण रुंद घ्या. तीन लांब अरुंद पट्ट्यांपेक्षा एक दीड मीटर रुंदीचा वाफा कितीतरी भरगच्च दिसतो. फक्त हात पोचायला हवा, एका बाजूने साधारण ६० सेंमीच्या पुढे वाकून काम करणं जड जातं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर रुंदी १२० सेंमीपर्यंत ठेवा, आणि भिंतीला टेकलेला रुंद वाफा असेल तर मागे पाय ठेवायला दोन-तीन फरश्या टाकून ठेवा, झाडं वाढली की त्या दिसत पण नाहीत. पायवाट ९० सेंमीची तरी असू द्या कारण कडेची झाडं वाटेवर झुकतातच. वाफ्याचा आकार कागदावर ठरवण्याआधी पाण्याचा पाईप जमिनीवर टाकून बघा, वरच्या मजल्यावरून किंवा खिडकीतून बघितलं की वळण चांगलंय की उगीच नागमोडी झालंय ते कळतं. एक मोठं वळण छान दिसतं, सहा छोटी वळणं म्हणजे कडेचं गवत कापताना शिव्या.

उंच मागे, मध्यम मधे, बुटकं पुढे हा नियम बरोबर आहे पण तंतोतंत पाळला की जिना तयार होतो. मधेच एखादं उंच पण विरळ झाड पुढे आणा, कॉसमॉससारखं, ज्याच्यातून पलीकडचं दिसतं. बाग एकदम खोल वाटायला लागते. आणि कृपा करून प्रत्येक जातीचं एकेक रोप आणू नका. एकाच जातीची तीन, पाच, सात रोपं घोळक्याने लावा आणि तोच घोळका थोड्या अंतरावर परत येऊ द्या. लहान बागेत पाच-सहा जाती पुरे, डोळ्याला ओळखीचं काहीतरी पुन्हा पुन्हा दिसलं की सगळं एकत्र बांधलेलं वाटतं. लावताना रोपाचा आजचा आकार विसरा, पूर्ण वाढल्यावर त्याचा घेर किती होणार ते विचारा आणि तेवढं अंतर सोडा. पहिल्या वर्षी मधे बोडकं दिसणार, ते नक्की, तिथे झेंडू, झिनिया अशी हंगामी रोपं घाला, ती त्यांचं आयुष्य संपवून आपोआप जागा रिकामी करतात.

पानांकडे मात्र कोणी बघतच नाही, आणि खरी बाग तर पानांचीच असते. बरीचशी झाडं वर्षातले काही आठवडेच फुललेली असतात, उरलेला सगळा काळ तुम्ही पानंच बघता. कर्दळीचं रुंद पान, लिलीचं तलवारीसारखं पान, फर्नचं झिरमिळ्यांचं पान, कोलिअसचं रंगीत पान, हे एकमेकांशेजारी आले की फूल नसतानाही वाफा उठून दिसतो. सगळीच बारीक पानांची झाडं लावली तर नुसता हिरवा गोंधळ. एक युक्ती करून बघा, बागेचा फोटो काढा आणि मोबाईलमध्ये तो ब्लॅक अँड व्हाईट करा. सगळं एकसारखं करडं दिसलं तर समजायचं की आकारात काही फरकच नाहीये, रंगांनी झाकून नेलंय इतकंच. चांगल्या रचनेची बाग काळ्या-पांढऱ्या फोटोतही चांगली दिसते.

रंगांचं शास्त्र मला फार आवडतं त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. पॅरिसमध्ये गोबलाँ नावाचा गालिचे आणि विणलेल्या चित्रांचा प्रसिद्ध कारखाना होता, तिथे रंगाई विभाग शेवरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडे होता. तक्रार आली की काळे धागे फिके दिसतात. त्याने तपासलं तर काळा रंग अगदी ठीक होता, तो निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणला की मरगळलेला दिसायचा. म्हणजे दोष रंगात नव्हता, शेजारात होता. १८३९ मध्ये त्याने हे सगळं सविस्तर लिहून प्रसिद्ध केलं आणि त्यात बागेत फुलं कशी लावावीत याबद्दलही लिहिलंय. बागेपुरता अर्थ असा की निळ्या-जांभळ्या फुलांशेजारी पिवळं-केशरी आलं की दोन्ही पेटतात, जवळजवळचे रंग, जसं गुलाबी-जांभळं-निळं, एकत्र आले की शांत वाटतं. दोन्ही चालतं, पण एका वाफ्यात एकच मूड ठेवा. आणि जिथे दोन रंग अगदी भांडतायत असं वाटतं तिथे मधे पांढरं किंवा राखाडी पानांचं काहीतरी घाला, भांडण मिटतं.

इंग्लंडमध्ये गर्ट्रूड जेकिल (१८४३ ते १९३२) नावाच्या बाई होत्या, चित्रकला शिकलेल्या, नजर अधू होत गेली तशा बागेकडे जास्त वळल्या. त्यांच्या स्वतःच्या बागेत सुमारे २०० फूट लांब आणि १४ फूट रुंद फुलांचा पट्टा होता. दोन्ही टोकांना निळे, राखाडी, थंड रंग, तिथून फिकट पिवळं, मग केशरी, आणि मधोमध लालभडक, मग परत उलट्या क्रमाने थंड. आपल्याकडे २०० फूट कुठले, पण ही चढ-उताराची कल्पना दहा फुटांतही जमते. त्यांची दुसरी गोष्ट जास्त उपयोगी आहे, त्या रोपं गोल पुंजक्यात न लावता लांबट, तिरक्या पट्ट्यांमध्ये लावायच्या. एका पट्ट्याचा बहर संपला तर समोरून बारीकच फट दिसते, पुंजका असेल तर मोठं भगदाड दिसतं.

उबदार रंग जवळ आल्यासारखे वाटतात आणि थंड रंग दूर सरकल्यासारखे, त्यामुळे छोटी बाग लांब वाटायला हवी असेल तर लाल-केशरी पुढे आणि फिकट निळं मागच्या टोकाला. याच्या उलट केलं की मागची भिंत अंगावर येते. आणि तुम्ही बागेत संध्याकाळीच बसणार असाल तर लाल फुलांवर पैसे घालवू नका. उजेड कमी झाला की डोळ्याची लाल रंगाची जाण आधी मंदावते, पुर्किंये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हे एकोणिसाव्या शतकात नोंदवलं होतं. दिवसा पेटलेलं लाल फूल तिन्हीसांजेला काळपट दिसतं, आणि पांढरी, फिकट निळी फुलं मात्र उजळून निघतात. निशिगंध, मोगरा, पांढरी सदाफुली, संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी, अशी फुलं बसायच्या जागेजवळ हवीत. वास येणारं झाड वाऱ्याच्या येत्या बाजूला लावा, पलीकडच्या बाजूला लावलं तर वास शेजाऱ्यांना.

एवढं झाल्यावर फुलांची यादी, आणि ती महिन्यांच्या तक्त्यावर करायची. बारा रकाने आखा, प्रत्येक झाड कधी फुलतं तेवढ्या रकान्यांत रेघ ओढा. जे महिने रिकामे दिसतील त्यांच्यासाठीच पुढचं रोप घ्यायचं. कायमचा सांगाडा झुडपांचा, त्याच्यामध्ये बहुवर्षायू झाडं, मातीत कंद, आणि उरलेल्या फटींत हंगामी फुलं. रोप घेताना भरगच्च फुललेलं सोडा, कळ्या असलेलं, बुंध्यापासून फांद्या फुटलेलं घ्या, कुंडी उचलून बघा, खालून मुळांचं जाळं बाहेर आलं असेल तर ठेवून द्या परत.

बहर लांबवणं हे आपल्या हातात आहे. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन नावाचं वाढीचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं, शेंडा गेला की ते डोळे फुटतात आणि एका फुलाच्या जागी चार-सहा येतात, झिनिया, शेवंती, डेलिया सगळ्यांना चालतं. सुकलेली फुलं लगेच काढत जा. हंगामी झाडाला बी करायचं असतं, बी झालं की त्याचं काम संपलं, आपण बी होऊच दिलं नाही तर ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतं. नत्राचा मारा टाळा, पानं माजतात आणि कळ्या रुसतात. बोगनवेलीला तर लाडच नको, रुजल्यावर जरा पाण्याचा ताण दिला की जास्त रंगते, आणि तो रंग फुलाचा नसतोच, कागदासारखी ती रंगीत पानं असतात, खरं फूल म्हणजे मधली छोटी पांढरट नळी.

पाण्याची सोय कागदावरच करून टाका. जास्त तहानेची झाडं नळाजवळ, कमी तहानेची लांब, दोन्ही एका वाफ्यात आली की एक सुकणार नाहीतर दुसरं कुजणार. मातीवर पाच-सात सेंमी वाळका पालापाचोळा पसरा, खोडाला न चिकटवता.

फुलपाखरं आणि मधमाश्या हव्या असतील (मला तर त्यांच्याशिवाय बाग फोटोसारखी वाटते) तर एकेरी पाकळ्यांची फुलं थोडी तरी लावा. भरगच्च डबल फुलांत बऱ्याचदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मग परागही कमी आणि आत शिरायला वाटही नाही. मधमाश्यांना रंग दिसतात हे कार्ल फॉन फ्रिश यांनी प्रयोगांनी दाखवलं, त्यांना पुढे १९७३ मध्ये नोबेलही मिळालं. माशीला निळं, जांभळं, पिवळं छान दिसतं, शिवाय आपल्याला न दिसणारा अतिनील रंगही दिसतो, शुद्ध लाल मात्र नीट कळत नाही. फुलपाखरांचं अजून वेगळं, त्यांना नुसता मध पुरत नाही, अळ्यांना खायला ठरावीक झाडं लागतात. लिंबाच्या पानांवर काही जातींची फुलपाखरं अंडी घालतात, रुईवर दुसऱ्या जाती. म्हणजे चार पानं कुरतडलेली दिसणार. ती अळी दिसली की फवारणीचा पंप काढू नका. मावा आला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा, मिलीबग ओल्या फडक्याने पुसून काढा, नाहीच ऐकलं तर साबणाच्या पातळ पाण्याने संध्याकाळी फवारा, उन्हात नको आणि उघड्या फुलांवर तर नकोच.